नितळ

श्रीरंगला आधी वाटलं, आपल्याला सर्दी झाली आहे.

सकाळी तो चहाचा कप घेऊन ओटीवर आला, नेहमीच्या जागी बसला आणि मान किंचित वर करून त्याने हवेचा अंदाज घेतला. ओटीवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीतही कुणी नव्हतं. एवढ्या सकाळी सगळे गेले कुठे, असा विचार तो करत होता तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. तो इतका दचकला की कप फरशीवर पडून फुटला.

हात शर्वरीचा होता, त्याच्या मोठ्या बहिणीचा. ती बराच वेळ त्याच्या शेजारीच बसून लाल माठाची भाजी निवडत होती.

त्याने तिचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने लिहिलं, 'कधी आलीस?'

'इथेच होते,' तिने त्याच्या तळव्यावर लिहिलं.

'नव्हतीस.'

श्रीरंगला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. पाच वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, त्यात दोन्ही गेलं. तोवर बोलायला आणि थोडी अक्षरं गिरवायला तो शिकला होता. बोलणं पुढे सुटलं, पण त्या अक्षरांच्या आधारावर आईने त्याला तळहातावर लिहिलेलं वाचायला शिकवलं. आई गेल्यावर शर्वरी त्याला तळसुऱ्याला आपल्या घरी घेऊन आली. आता तो छत्तिशीचा होता. शर्वरीचा नवरा हेरंब आणि नऊ वर्षांची मुलगी रावी, दोघांनाही तळव्यावरची भाषा येत होती.

पण त्याचं घर हातांच्या आधी नाकाने भरायचं. कोण ओटीवर आहे, कोण आत्ताच जिना चढून गेलं, खुर्चीत मघाशी कोण बसलं होतं, हे त्याला न विचारता कळायचं. माणसांना त्याने नावंही तशीच ठेवली होती. शर्वरी म्हणजे जिरं. तिच्या मानेपाशी भाजलेल्या जिऱ्यासारखं काहीतरी असतं, असं तो म्हणायचा. हेरंब सौरपंप दुरुस्त करत फिरायचा, तो पितळ. रावी जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्याने लगेच लिहिलं होतं, 'पेज'. उकड्या तांदळाची, गरम. तीच तिची ओळख राहिली.

त्या सकाळी फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करताना शर्वरीलाही वाटलं, सर्दीच असेल. तिने त्याला सुंठीचा काढा करून दिला. दुपारी तो परसात गेला. कढीपत्ता, खतखड्डा, पिकायला आलेली पपई, सगळ्यांचे वास जागच्या जागी होते. तो पुन्हा आत आला, आपलंच मनगट नाकाशी नेलं, आणि नंतर ते शर्वरीपुढे धरलं.

'मीही नाही,' त्याने लिहिलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वी तिने नितळ लावलं होतं.

*

नितळ काय होतं ते सांगायला हवं, कारण आता ते इतकं सगळीकडे आहे की त्याच्याआधीचं कुणाला फारसं आठवत नाही.

माणसाचा घाम मुळात बिनवासाचा असतो. कातडीवर राहणारे कोट्यवधी जिवाणू तो खातात आणि मागे जे उरतं त्याला वास येतो. कुणाच्या अंगावर कोणते जिवाणू, किती, आणि त्यांना खायला काय मिळतं हे प्रत्येकाचं वेगळं, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा, हस्ताक्षरासारखा. आपण साबणाने हे जिवाणू धुतो, ते परत येतात, आपण परत धुतो. तो साबण, तो शांपू, ती क्रीमं शेवटी नदीत जातात.

नितळ करणाऱ्यांनी विचार उलटा केला. धुण्याऐवजी पेरायचं. त्यांनी तीन जातींचे जिवाणू एकत्र नांदतील असे तयार केले. एक चिखलात सापडणारा, घामातला अमोनिया खाणारा. दुसरा मळ आणि मेलेली कातडी पचवून त्याचं हलकं तेल करणारा. तिसरा राखणदार, तो बाहेरच्या कुठल्याही जिवाणूला कातडीवर टिकू देत नसे. छोट्या बाटलीतलं पाणी एकदा अंगाला चोळलं की काही दिवसांत ही वस्ती जम बसवायची. पुरळ जायचं, टाचांच्या भेगा भरायच्या, चेहऱ्यावर तकाकी यायची. अंघोळ केली तर नुसत्या पाण्याने, तीही गार वाटावं म्हणून.

बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ होती. जवळच्या माणसांमध्ये ही वस्ती स्पर्शातून पसरू शकते. ती वाचून कुणी थबकलं नाही. फुकटात मिळतंय तर बरंच, असं लोक म्हणाले.

तळसुऱ्यात नितळ आणलं ते शर्वरीने. त्याआधी बारा-पंधरा वर्षं ती दारोदार फिरून सांगत होती की डिटर्जंट कमी करा, रिठे वापरा, केसांना शिकेकाई लावा, नदीकडे बघा. ती स्वतः तसंच राहायची. परसात भाजी, घरात डाळीचं पीठ आणि नागरमोथा, खतखड्डा, सुती पिशव्या. लोक हसून ऐकायचे, तिने दिलेली शिकेकाई घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी घाटावर निळ्या पावडरीचा फेस करायचे. पुलाखाली तो फेस साठून राहायचा. उन्हाळ्यात वारा सुटला की त्याचे गोळे रस्त्यावर यायचे आणि पोरं त्यांच्यामागे धावायची.

नितळने कुणालाच काही सोडायला सांगितलं नाही. उलट लोक सुंदर दिसायला लागले. शर्वरीने शाळेच्या सभागृहात सभा घेतली, पुण्याहून नितळच्या गटातल्या डॉक्टर झेलम बिडकर आल्या, आणि गावाने दोन महिन्यांत बाटल्या संपवल्या. सगळ्यांना मिळावं म्हणून शर्वरीने स्वतःची बाटली सर्वांत शेवटी उघडली.

पाऊस ओसरल्यावर नदी पाहायला लोक पुलावर उभे राहू लागले. तळ दिसत होता. गोटे, त्यांच्यावरची हिरवी लव, मधून सळकन जाणारे मासे. काठच्या डबक्यात कुमुदं उमलली. खंड्या पुन्हा दिसू लागला. हे सगळं खरं होतं, आणि पुढे जे झालं त्यानंतरही ते खरंच राहिलं.

*

श्रीरंगला शर्वरीने सगळं समजावून सांगितलं. तळव्यावर इतकं मोठं प्रकरण लिहायला दुपार गेली. त्याने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी लिहिलं, 'नदी चांगली झाली?'

'खूप.'

'मला कुणी विचारलं नाही.'



तो हातांवरून माणसं ओळखू शकत होता. हेरंबच्या बोटांना घट्टे होते, रावीची नखं कुरतडलेली असायची. पण हात लागला तरच माणूस असायचं. हात सुटला की ते नाहीसं व्हायचं. भरल्या घरात तो एकटा बसायचा आणि मधूनच अंधारातून एखादा हात येऊन त्याच्या अंगावर पडायचा. रावी त्याला प्रेमाने मागून मिठी मारायची, तेव्हा त्याच्या सगळ्या अंगाला काटा यायचा. ती हिरमुसली होऊन निघून जायची. ती निघून गेली हेही त्याला कळायचं नाही. तो हवेत हात फिरवत राहायचा.

हळूहळू त्याने घरात बसणं सोडलं. दिवसभर तो परसात, खतखड्ड्याजवळ दगडावर बसू लागला. जेवणाचं ताट तिथेच मागू लागला. शेजारच्या सुलूमावशी कुंपणावरून म्हणाल्या, "अगो शर्वरी, भाऊ रुसलो की काय तुझो? घाणीत कित्याक बसता?"

"त्याला तिथं सोबत वाटते, मावशी."

"सोबत? कोणाची?"

शर्वरीने डॉक्टर बिडकरांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"शर्वरीताई, तुमच्या भावासारखी माणसं थोडी असतील," त्या म्हणाल्या. "पण असं काहीतरी दुसरीकडूनही कानावर येतंय. तान्ही बाळं. आईने छातीशी घेतलं तरी तोंड शोधत राहतात. शिकतात नंतर, पण वेळ लागतो. काही म्हातारी माणसं, ज्यांची स्मृती गेलीय, ती घरच्यांना परके समजायला लागलीत. आम्ही पाणी मोजलं, कातडी मोजली, ॲलर्जी मोजल्या. माणूस माणसाला कशावरून ओळखतं, हे मोजायचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"वास राहू देईल असं नितळ करता येणार नाही का?"

"येईल. दोन-तीन वर्षं लागतील. पण मागतंय कोण? आम्ही लोकांना विचारलं. लोक म्हणतात, घामाचा वास गेला ते उत्तमच झालं."

"आणि काढून टाकायचं असेल तर?"

"काढता येतं. औषधांचे लेप, वेगळी खोली, तीनेक आठवडे. जुने जिवाणू केसांच्या मुळांशी दबून असतात, ते परत वर येतात. पण मग नितळ असलेल्या कुणाच्या अंगाला अंग लागता कामा नये. एकदा हात धरला तरी पुन्हा सगळं तेच. कपड्यांवरून, भांड्यांवरून नाही जात. कातडीवरून कातडीवर जातं. एकट्याला काढून काय करणार, ताई? त्याला स्वतःचाच वास येईल फक्त."

"एकट्याला नाही," शर्वरी म्हणाली. "दोघांना."

*

हेरंबला तिने सांगितलं तेव्हा तो जेवण आटोपून ताटं विसळत होता.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"नवीन प्रकार निघेपर्यंत. तुझ्या आत्याबाईंच्या काजूच्या बागेतला मांगर रिकामाच आहे. दोन खोल्या आहेत, झरा आहे. तिथं कुणी येत-जात नाही."

"आणि रावी?"

"रावीला न्यायचं तर तिलाही काढावं लागेल. मग शाळेत कुणाचा हात धरायचा नाही, कबड्डी नाही, बाकावर शेजारी कुणी नाही. ते कसं करायचं तिच्यावर?"

"म्हणून आई नाही, असं?"

"तिला तू आहेस. मैत्रिणी आहेत, सुलूमावशी आहेत, आख्खं गाव आहे. त्याला कोण आहे, हेरंब?"

हेरंब चिडला नाही. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने ताटं पुसून फळीवर लावली आणि म्हणाला, "तिला तूच सांग. मला जमणार नाही."

रावीने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मी लांबून बघितलं तर चालेल ना?"

*

मांगर म्हणजे बागेच्या राखणीसाठी बांधलेलं कौलारू घर. गावापासून तासाभराच्या चढावर, पुढे मोठी ओटी, मागे झरा, आणि बागेच्या टोकाला गुडघाभर पाण्याचा वहाळ. पुण्यातले लेपांचे आणि बंद खोलीचे आठवडे संपवून दोघं थेट तिथे राहायला आली. श्रीरंगला फिरता यावं म्हणून हेरंबने आधीच येऊन मांगरापासून वहाळापर्यंत आणि झऱ्यापर्यंत काथ्याचे दोर बांधून ठेवले होते.

तिथल्या पहिल्या काही दिवसांतली एक सकाळ शर्वरी कधी विसरली नाही. ती झऱ्यावरून कळशी घेऊन येत होती. श्रीरंग ओटीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. ती अजून अंगणातच होती, तेवढ्यात त्याने मान वर केली. मग सावकाश वळला. नेमका तिच्या दिशेला. त्याने हात पुढे केला नाही, चाचपडला नाही. नुसता तिच्याकडे तोंड करून बसला आणि हसू लागला. तिने कळशी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ गेली, तेव्हा त्याने तिच्या तळव्यावर अगदी शांतपणे लिहिलं, 'जिरं.'

तिला रडू फुटलं. तेही त्याला हात न लावता कळलं.

तिथली राहणी तशी होती जशी तिला वर्षानुवर्षं हवी होती. झऱ्याचं पाणी, चुलीवरचा लाल भात, कुळथाचं पिठलं, परसात वाल आणि पडवळ. रिठ्याचा फेस केळीच्या मुळाशी जायचा. सकाळी काजूच्या मोहोराला मधमाश्यांची गुणगुण, संध्याकाळी समोरच्या डोंगरावर निळी सावली. प्लॅस्टिकचा तुकडा नाही, मोटारीचा आवाज नाही. पूर्वी ती सभांमधून असल्या जगण्याची चित्रं दाखवायची. आता ती त्या चित्रात बसली होती आणि तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

श्रीरंगशी बोलणं होतंच. पण तळव्यावर बोललेलं आवाज करत नाही. कधीकधी ती मुद्दाम मोठ्याने बोलायची, भाजी चिरताना, सरपण फोडताना, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची.

रविवारी हेरंब रावीला घेऊन यायचा. दोघं वहाळाच्या पलीकडे उभी राहायची, ही दोघं अलीकडे. रावी शाळेतलं सांगायची, ओरडून, कारण वहाळाला आवाज होता. सामान खडकावर ठेवून ती मागे सरायची, मग शर्वरी जाऊन उचलायची.

"आई, सुलूमावशी म्हणतात, तुझी आई सोवळ्यात बसलीय!"

"त्यांना म्हणावं, बसलीय खरी!"

रावी हसायची. मग सगळेच थोडा वेळ पाण्याकडे बघायचे.

हळूहळू रावीचं ओरडून सांगणं कमी झालं. एका रविवारी तिच्या कपाळावर खोक होती, टाका घातलेली. सायकलवरून पडली होती. शर्वरी वहाळात पायरीभर उतरली आणि थांबली.

"दुखतंय का गं?"

"आता नाही. तेव्हा दुखलं."

"रडलीस?"

"बाबा होता ना," रावी म्हणाली. तिने ते साधेपणानेच म्हटलं. त्या दिवशी शर्वरी मांगरावर परतली तेव्हा सामानाची पिशवी तिने वहाळाकाठीच विसरली होती.

*

नाक असलेल्या माणसापासून काही लपत नाही, हे शर्वरी विसरली होती. चेहरा तिने पहिल्यापासून जपला होता, पण चेहरा त्याला दिसतच नव्हता.

'आजारी आहेस?' श्रीरंगने एक दिवस लिहिलं.

'नाही.'

'वास बदललाय.'

'कामाचा घाम.'

त्याने मान हलवली. 'आई गेली तेव्हा तुझा असा होता. वर्षभर.'

ती हात सोडवून घेऊ लागली, पण त्याने धरून ठेवला.

'घरी जाऊ,' त्याने लिहिलं.

'नाही. तुझं सगळं पुन्हा जाईल.'

'आता तरी काय आहे? तू आहेस. आणि तू रडतेस. दिवसभर मला तेच येतं.'

'नवीन औषध निघेल. थोडी वाट बघू.'

'पेज मोठी होतेय.'

'मी ठरवलंय, रंगा. तुझ्यासाठी ठरवलंय.'

त्याचं बोट तिच्या तळव्यावर थांबलं. मग त्याने एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'आधीही तूच ठरवलंस.'

नंतर कितीतरी दिवस त्याने तो विषय काढला नाही. तिला वाटलं, विसरला.

ते झालं काजूंचा हंगाम संपता संपता, एका रविवारी सकाळी. हेरंब आणि रावी पलीकडे येऊन उभी राहिली होती. शर्वरी अलीकडे खडकावर होती. श्रीरंग नेहमीसारखा दोर धरून तिच्या मागून आला. दोर जिथे संपायचा तिथे तो थांबायचा. त्या दिवशी त्याने दोर सोडला आणि पाण्यात पाय घातला.

"मामा!" रावी ओरडली. "आई, मामा येतोय!"

"रंगा!" शर्वरीही ओरडली, आणि ओरडून उपयोग नाही हे त्याच क्षणी तिला कळलं.

तो पाण्यात चाचपडत, तळाचे गोटे पायाने पारखत पुढे गेला. मधोमध पोचल्यावर थांबला आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर. लिहायला देतात तसा.

रावी एक पाऊल मागे सरली. तिला नियम पाठ होता. तिने बाबाकडे पाहिलं, मग आईकडे.

शर्वरीला दोन ढांगांत त्याच्यापर्यंत पोचता आलं असतं. त्याला दंडाला धरून मागे ओढता आलं असतं. पाणी गार होतं, आणि पलीकडे कोण आहे, आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं. तो फक्त विश्वासावर हात धरून उभा होता. ती जागची हलली नाही.

"जा, रावी," ती म्हणाली.

रावी चपलांसकट पाण्यात उतरली आणि तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. श्रीरंगने तो दोन्ही हातांनी धरला, चाचपला, बोटं मोजल्यासारखी एकेक करून दाबली. मग तिच्या तळव्यावर लिहिलं.

"काय म्हणतोय?" हेरंबने काठावरून विचारलं.

"मोठी झालीस, म्हणतोय," रावी म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली.

मग शर्वरीही पाण्यात उतरली. तिने मुलीला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण रावी आता उचलण्याएवढी राहिली नव्हती. तिने तिला नुसतं कवटाळलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून खोल श्वास घेतला. नऊ-दहा वर्षं जो वास घेऊन ती झोपली होती, तो शोधत तिने पुन्हा श्वास घेतला. तिथे काही नव्हतं. उन्हात तापलेली हवा होती, वहाळाचं पाणी होतं. मिठीत मूल होतं आणि डोळे मिटले तर कुणीच नव्हतं.

तिने डोळे उघडले. श्रीरंग शेजारीच उभा होता, तिच्याकडे तोंड करून.

*

वस्ती पुन्हा जम बसवायला काही दिवस लागले. ते दिवस श्रीरंग तिच्या जवळच राहिला. घरी ओटीवर तिचं मनगट नाकाशी धरून बसायचा. 'अजून आहेस,' लिहायचा. मग 'थोडी'. मग त्याने लिहिणं सोडलं आणि मनगट अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

पुण्याहून डॉक्टर बिडकरांचा फोन आला. नवीन प्रकाराचं काम थांबलं होतं. त्या एकट्याच ते रेटत होत्या. "मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला तारीख देऊ शकत नाही." शर्वरी अजून नदीच्या कामाला जायची. पुलावरून तळ दिसायचा. ती कठड्याला टेकून ते पाहायची तेव्हा तिला आनंदच व्हायचा, आणि घराकडे वळताना तो ओसरत जायचा.

पावसाच्या तोंडावर हेरंबने ओटीवरची आणि माजघरातली फरशी झाकून वर फळ्या बसवल्या. फणसाच्या, जाड, खाली थोडी पोकळी ठेवून. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं. फळ्या बसल्यावर त्याने श्रीरंगला एका कोपऱ्यात बसवलं, त्याचा तळवा लाकडावर ठेवला, आणि स्वतः दाराशी जाऊन दोनदा पाय आपटला. श्रीरंगची मान झटकन वर आली. त्याने दाराच्या दिशेला बोट दाखवलं.

तेव्हापासून घरात नियम झाला. आत येताना दोनदा पाय आपटायचा. हेरंबचा जड, रावीचा घाईचा. काही दिवसांत तो पावलं ओळखायला शिकला. दचकणं कमी झालं. जेवायला तो पुन्हा आत येऊ लागला. पण पाऊल हे सांगतं की कुणी आलं. कुणी बसून आहे, शेजारी आहे, उठून गेलेलं नाही, हे पाऊल सांगत नाही. आणि माणसं विसरतात. रावी शाळेच्या घाईत विसरायची, पाहुण्यांना माहीतच नसायचं, सुलूमावशींना हसू यायचं.

भाद्रपदातल्या एका दुपारी शर्वरी नदीवरून परत आली. बाहेर पाऊस थांबला होता आणि अळवाची पानं उन्हात चमकत होती. तिने चपला काढल्या आणि उंबऱ्यात थांबली.

श्रीरंग माजघरात एकटाच भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही तळवे फळ्यांवर पालथे, बोटं पसरलेली. हेरंब कामावर, रावी शाळेत. तो वाट पाहत होता. चेहरा किंचित उचललेला, आणि त्याच्यावर कसलाच भाव नव्हता, एकटं असताना माणसाच्या चेहऱ्यावर नसतो तसा. तो ओठ हलवत होता. पाचव्या वर्षी ऐकलेले कसले तरी शब्द असतील. आपल्या समोर कुणी आहे हे माहीत असतं तर त्याने ते कधीच केलं नसतं.

तिला वाटलं, आत्ता मी मागे फिरून गेले तर मी आलेच नव्हते.

फणसाचं लाकूड अजून नवं होतं, पिवळं. ती उंबऱ्यात थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने आत पाऊल टाकलं, आणि दुसरं, हळू, जेवढं त्याला दचकू न देता कळेल तेवढंच.

त्याची बोटं फळीवर थांबली.

'कोण?' त्याने हवेत हात पुढे करून खुणेनेच विचारलं, तळवा वर करून.

ती त्याच्याजवळ बसली आणि लिहायला लागली.